वकिली सोडून प्रांताच्या राजकारणात उतरावे का?

वाचकाचे पत्र (संक्षेपाने) : मी ४१ वर्षांची असून मूळची जळगावची आहे. पुण्यात कायद्याची पदवी घेतली. २०१२ मध्ये पतीच्या नोकरीनिमित्त कॅनडात, कॅलगरीला आले, येथील परीक्षा नव्याने दिल्या, आर्टिकलिंग (वकिलाच्या हाताखालचे सक्तीचे प्रशिक्षण) केले आणि २०१७ पासून एका लहान फर्ममध्ये कामावर जखमी झालेल्या कामगारांची अपिले चालवते. आता एका पक्षाच्या स्थानिक शाखेने अल्बर्टा प्रांताच्या विधानसभेसाठी उमेदवारी मागावी असे मला सुचवले आहे. सगळे रेचल नॉटली यांचा दाखला देतात. त्याही कामगारांच्या वकील होत्या आणि पुढे प्रीमियर, म्हणजे प्रांताच्या मुख्यमंत्री झाल्या. पती पाठीशी आहेत, पण मुलगा ११ वर्षांचा आहे. जळगावहून आई म्हणते, एवढ्या कष्टाने मिळवलेली सनद चिखलात का टाकतेस? नॉटली यांच्यासारखे मला जमेल का? हरले तर इतक्या वर्षांची मेहनत पाण्यात जाईल का? की वकिलीतच राहून मी लोकांचे अधिक भले करू शकेन?

प्रिय भगिनी,

सप्रेम नमस्कार. तुमच्या विनंतीप्रमाणे तुमचे नाव छापलेले नाही. तुम्ही ज्या पक्षाबद्दल लिहिले आहे त्याचे नावही मी वगळले आहे, कारण माझे उत्तर त्यावर अवलंबून नाही. मी स्वतः ३१ वर्षे महाराष्ट्रातल्या कामगार न्यायालयांत वकिली केली आणि माझी धाकटी बहीण एडमंटनला राहते, त्यामुळे अल्बर्टाच्या राजकारणाकडे मी दुरून, परंतु सतत पाहत आले आहे. नॉटली यांच्या वाटचालीकडे विशेष लक्ष होते, कारण आपले काम जिथे संपते असे मी मानत आले, तिथून त्या पुढे चालत गेल्या.

माझे मत आधी सांगते : तुम्ही उमेदवारीसाठी अर्ज भरावा. मात्र ज्या रीतीने तुमचे सहकारी नॉटली यांचे उदाहरण तुमच्यापुढे ठेवत आहेत, ती रीत मला घाईची वाटते. कामगारांची वकील आणि मग प्रीमियर, अशा दोन पायऱ्यांत ती गोष्ट सांगितली जाते आणि मधली सारी वर्षे गळून पडतात. तुम्हाला निर्णय घ्यायचा आहे तो त्या मधल्या वर्षांविषयीच, म्हणून मी त्यांच्याबद्दलच अधिक लिहिणार आहे.

तुमच्या मनात एक शंका असेल, ती प्रथम दूर करते. नॉटली राजकारणी घरात वाढल्या, आपण तर जळगावहून आलेल्या, आपली त्यांच्याशी तुलना कशी, असे तुम्हाला वाटत असणार. त्यांचे वडील ग्रँट नॉटली हे न्यू डेमोक्रॅटिक पक्षाचे अल्बर्टातील नेते होते हे खरे आहे. परंतु त्या वारशाचे स्वरूप नीट पाहा. १९७१ मध्ये ग्रँट नॉटली प्रांताच्या उत्तरेकडील स्पिरिट रिव्हर-फेअरव्ह्यू मतदारसंघातून निवडून आले आणि पुढची ११ वर्षे विधानसभेत त्यांच्या पक्षाचे ते एकटेच आमदार होते. १९ ऑक्टोबर १९८४ रोजी ते विमान अपघातात गेले, तेव्हा रेचल २० वर्षांच्या होत्या. १९९३ च्या निवडणुकीत तर या पक्षाची विधानसभेतली एकूण एक जागा गेली. म्हणजे मुलीला मिळाले ते सत्तेचे दार उघडून देणारे आडनाव नव्हते. अल्पमतात उभे राहून बोलत राहण्याची सवय तेवढी तिला घरातून मिळाली. ही सवय परक्या देशात, परक्या उच्चारांच्या लोकांपुढे उभे राहून अपील चालवताना तुम्हालाही लागली असणार, असे तुमच्या पत्रावरून मला वाटते.

आता वकिलीबद्दल. अल्बर्टा विद्यापीठातून राज्यशास्त्राची पदवी घेऊन त्या टोरांटोच्या ऑस्गूड हॉलमध्ये कायदा शिकल्या, एडमंटनला एका कामगार-वकिलाकडे त्यांनी आर्टिकलिंग केले आणि प्रांतिक कर्मचाऱ्यांच्या युनियनमध्ये जखमी कामगारांच्या नुकसानभरपाईची प्रकरणे हाताळली. पुढे ब्रिटिश कोलंबियात आरोग्यसेवकांच्या संघटनेत कामाच्या जागेवरील सुरक्षिततेचे काम केले. मध्ये साधारण वर्षभर त्या तेथील अ‍ॅटर्नी जनरल, म्हणजे प्रांताचे कायदामंत्री, उज्जल दोसांझ यांच्या कार्यालयात होत्या. पंजाबात जन्मलेले, स्वतः वकील असलेले दोसांझ पुढे २००० मध्ये त्या प्रांताचे प्रीमियर झाले. समलिंगी जोडप्यांना कौटुंबिक कायद्यात जोडीदार म्हणून स्थान देणाऱ्या दुरुस्तीचे काम त्या कार्यालयात चालले होते आणि त्यात नॉटली यांचा सहभाग होता. मला ते एक वर्ष फार महत्त्वाचे वाटते. तोपर्यंत त्यांनी छापलेला कायदा हातात घेऊन एकेका माणसासाठी भांडण केले होते. येथे कायदा छापण्याआधी कसा घडतो, एका शब्दाच्या व्याख्येवर किती घरांचे भवितव्य टांगलेले असते, हे त्यांनी टेबलाच्या दुसऱ्या बाजूने पाहिले.

तुमच्या क्षेत्राचा इतिहास तुम्हाला माहीत आहे, परंतु इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगते. कॅनडात कामगार-नुकसानभरपाईची जी व्यवस्था आहे तिचा पाया १९१३ च्या मेरेडिथ अहवालाने घातला आणि अल्बर्टात ती १९१८ मध्ये आली. तिच्यात एक देवघेव आहे : जखमी कामगाराने मालकावर दावा लावण्याचा हक्क सोडायचा आणि त्याच्या बदल्यात, चूक कोणाची हे न विचारता, सर्व मालकांच्या वर्गणीतून उभ्या राहिलेल्या निधीतून त्याला भरपाई मिळायची. या व्यवस्थेत वकिलाचे सारे सामर्थ्य कायद्याच्या शब्दांत आणि हा निधी चालवणाऱ्या मंडळाच्या धोरणांत असते. दुखापत त्या शब्दांत बसली तर तुम्ही जिंकता. ज्या माणसाचे कामच त्या कायद्याच्या बाहेर ठेवले आहे, त्याच्यासाठी मंडळाकडे जाण्याची वाटच नसते. दिवाणी न्यायालयाची पायरी त्याला परवडली तर परवडली. अल्बर्टात शेतमजूर असेच बाहेर राहिले होते.

येथे मला माझ्या आयुष्यातली एक गोष्ट सांगाविशी वाटते. नव्वदच्या दशकात माझ्याकडे एक मजूर बाई आली होती. गुऱ्हाळाच्या चरकात तिचा उजवा हात कोपरापर्यंत गेला होता. मालकाने ती आमच्याकडे कामालाच नव्हती असे शपथेवर सांगितले, हजेरीपुस्तक नव्हते आणि सोबतच्या मजुरांना पुढच्या हंगामात त्याच मालकाकडे यायचे असल्यामुळे साक्ष द्यायला कोणी पुढे आले नाही. मी ते प्रकरण हरले. त्याच वर्षी मला नगरपालिकेची निवडणूक लढवण्याबद्दल विचारणा झाली आणि मी नकार दिला. अशील तुटतील असे कारण मी घरी सांगितले. खरे कारण हे होते की हरण्याची मला लाज वाटत होती. नगरपालिकेत जाऊन मी गुऱ्हाळांचे नियम बदलू शकले असते असे मी म्हणत नाही, तो विषय तिच्या अधिकारातलाच नव्हता. पण तो नकार चुकीच्या कारणासाठी दिला, हे मला आजही टोचते. म्हणून तुमच्या पत्रातले ‘हरले तर’ हे दोन शब्द वाचताना मी थांबले.

नॉटली ३ मार्च २००८ रोजी एडमंटन-स्ट्रॅथकोना मतदारसंघातून प्रथम निवडून आल्या, तेव्हा त्या ४३ वर्षांच्या होत्या, म्हणजे आजच्या तुमच्याहून दोन वर्षांनी मोठ्या, आणि दोन लहान मुलांच्या आई. ८३ जागांच्या त्या विधानसभेत सत्ताधारी प्रोग्रेसिव्ह कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचे ७२ आमदार होते आणि नॉटली यांच्या पक्षाचे अवघे दोन. चार वर्षे त्या दोघांनी आरोग्य, शिक्षण, मजुरी, पर्यावरण, मुलांचे कल्याण, असे सगळे विषय आपापसांत वाटून घेऊन काढले. २०१२ मध्ये दोनाचे चार झाले. या सात वर्षांत त्यांनी मांडलेले बहुतेक सगळे बहुमताने फेटाळले जाणार हे उघड होते. न्यायालयात हरलात तरी लेखी निकाल मिळतो, त्यातली कारणे वाचता येतात, वरच्या न्यायालयात जाता येते. विधानसभेत अल्पमतातल्या आमदाराला कारणेही मिळत नाहीत. तुम्ही स्वतःला विचारायचा पहिला प्रश्न हा आहे : दोघांच्याच बाकावर चार वर्षे बसून, मिनिटभराच्या प्रश्नासाठी रात्रभर कागद वाचण्याची तुमची तयारी आहे का? प्रीमियर होण्याची तयारी आहे का, हे आज कोणीही विचारू नये, तुम्हीही नाही.

पुढचा भाग सर्वांना ठाऊक असल्यामुळे मी त्यावरून लवकर जाते. १८ ऑक्टोबर २०१४ रोजी, वडिलांच्या मृत्यूला ३० वर्षे पूर्ण होण्याच्या आदल्या दिवशी, पक्षाने पहिल्याच फेरीत सुमारे ७० टक्के मतांनी त्यांना नेतेपदी निवडले. ५ मे २०१५ रोजी त्यांच्या पक्षाने ८७ पैकी ५४ जागा जिंकल्या आणि १९७१ पासून सलग चालत आलेली एका पक्षाची सत्ता संपली. प्रचारातल्या दूरचित्रवाणीवरील चर्चेत तत्कालीन प्रीमियर जिम प्रेंटिस त्यांना कंपनी कराच्या आकड्यांवरून ‘गणित अवघड असते हे मला ठाऊक आहे’ असे म्हणाले. ते वाक्य अनेक स्त्रियांना लागले. नॉटली मात्र शांतपणे आपला मुद्दा मांडत राहिल्या. उलटतपासणीत समोरच्याने डिवचल्यावर स्वर न चढवण्याची वकिलाची शिस्त मला तिथे स्पष्ट दिसली. १२ जणांच्या त्यांच्या पहिल्या मंत्रिमंडळात निम्म्या स्त्रिया होत्या, आणि तुमच्याच कॅलगरीतून निवडून आलेले, पाकिस्तानातून आलेले वकील इरफान साबिर हेही त्यात मंत्री होते. आपल्यासारख्या स्थलांतरितांनी हे लक्षात ठेवावे.

आणि आता तो भाग, ज्यासाठी हे पत्र लांबले तरी मला चालेल. सत्तेवर आल्यावर सहा महिन्यांच्या आतच, १७ नोव्हेंबर २०१५ रोजी, सरकारने शेतमजुरांना नुकसानभरपाई आणि कामाच्या सुरक्षिततेच्या कायद्यांखाली आणणारे विधेयक क्रमांक ६ मांडले. जखमी कामगारांसाठी आयुष्यातली इतकी वर्षे घालवलेल्या वकिलाने हे पाऊल आधी उचलावे, यात आश्चर्य नव्हते, आणि कायद्याच्या दृष्टीने ते योग्यच होते असे माझे ठाम मत आहे. तरीही प्रांतभर शेतकरी उसळले. एडमंटनच्या विधानभवनापुढे मोर्चे आले. आपली मुले घरच्या गुरांना चारा घालतील तर तेही गुन्हा ठरेल का, कापणीला शेजारी मदतीला आला तर त्याचाही विमा उतरवायचा का, असे प्रश्न लोक विचारत होते. विधेयकाच्या मसुद्यात त्यांची उत्तरे स्पष्ट नव्हती, तपशील नंतर नियमांत येणार होते, आणि लोकांशी बोलण्याच्या सभा ठरल्या त्या विधेयक मांडल्यानंतरच्या. अखेर सरकारला घरचे लोक आणि विनावेतन मदत करणारे शेजारी यांना वगळणारी दुरुस्ती आणावी लागली, आपण लोकांना समजावून सांगण्यात कमी पडलो हे कबूल करावे लागले, आणि १० डिसेंबरला विधेयक संमत झाले.

माझ्या मते यात वकिलीच्या शिक्षणाचीच एक उणीव दिसते, आणि ती तुमच्यामाझ्यातही आहे. आपल्या पेशात ‘तपशील नियमांत येईल’ हे वाक्य आश्वासक असते. अधिनियम आधी, नियम मागाहून, ही कायद्याची रूढ पद्धतच आहे. शेतकऱ्याच्या स्वयंपाकघरात मात्र तेच वाक्य धमकीसारखे ऐकू येते. ज्याच्यासाठी कायदा करायचा तो मजूर आणि ज्याच्यावर कायदा लागू व्हायचा तो लहान शेतकरी, हे दोघे अनेकदा एकाच टेबलावर जेवतात आणि कधी कधी तो एकच माणूस असतो. न्यायालयात पक्षकार दोन बाजूंना बसतात. गावात तसे बसत नाहीत. महाराष्ट्रात दोन एकरांचा धनी अर्धे वर्ष दुसऱ्याच्या बांधावर मजुरीला जातो, हे मी अशिलांच्या जबान्या घेताना हजारदा लिहिले असेल, पण त्याचा अर्थ मला हे विधेयक वाचताना कळला.

२०१९ मध्ये सत्ता बदलल्यावर पुढच्या सरकारने तो कायदा बदलून पाच किंवा त्याहून कमी मजूर असलेल्या शेतांना वगळले. त्या कायद्याची मुळे लोकांत रुजली असती तर त्याला इतक्या सहज हात लावता आला नसता, असे मला वाटते. याउलट २०१७ चे विधेयक क्रमांक ३० पाहा. १९७६ पासून फारसा न बदललेला कामाच्या सुरक्षिततेचा कायदा त्याने नव्याने लिहिला, धोकादायक काम नाकारण्याचा हक्क बळकट केला आणि जखमी कामगाराच्या भरपाईवरची कमाईची कमाल मर्यादा काढली. त्याआधी भरपाईच्या व्यवस्थेचे स्वतंत्र पुनरावलोकन झाले होते, कामगार आणि मालक दोघांचेही ऐकले गेले होते. तेही पुढे काही प्रमाणात बदलले गेले, परंतु रस्त्यावर असा वणवा पेटला नाही. एकाच नेत्याची दोन वर्षांच्या अंतराने केलेली ही दोन विधेयके तुम्ही शेजारी शेजारी ठेवून वाचावीत अशी माझी विनंती आहे. तुमच्यासाठी याहून चांगले पाठ्यपुस्तक मला सुचत नाही.

अशील बदलते, हेही सांगितले पाहिजे. वकिलाला एका वेळी एका बाजूचे व्हायची मुभा असते. प्रीमियरच्या अशिलांत तिला मत न देणारेही असतात. २०१४ च्या मध्यात पिंपामागे १०० डॉलरच्या वर असलेला तेलाचा भाव २०१६ च्या आरंभी ३० डॉलरच्याही खाली गेला होता आणि अल्बर्टाचे घर तेलावर चालते. ज्या नॉटली यांनी कार्बन कर आणला आणि २०३० पर्यंत कोळशावरची वीज बंद करण्याचे ठरवले, त्याच नॉटली अल्बर्टाचे तेल नेणाऱ्या ट्रान्स माउंटन पाइपलाइनसाठी स्वतःच्याच पक्षाच्या ब्रिटिश कोलंबिया सरकारशी भांडल्या, २०१८ च्या फेब्रुवारीत तेथील वाइनवर काही दिवस बंदीही घातली. पर्यावरणवादी मित्र दुरावले आणि तेलवाले तरीही आपले झाले नाहीत. ३० ऑगस्ट २०१८ रोजी फेडरल अपील न्यायालयाने, आदिवासी समुदायांशी पुरेशी सल्लामसलत झाली नाही हे एक प्रमुख कारण देत, पाइपलाइनची मंजुरी रद्द केली. त्याच संध्याकाळी त्यांनी केंद्राच्या हवामान योजनेतून अल्बर्टाला बाहेर काढल्याचे जाहीर केले. हा निर्णय मला तेव्हा पटला नव्हता आणि आजही पटत नाही, परंतु त्या दिवशी त्यांच्या जागी बसून मी काय केले असते, याचे उत्तर माझ्याजवळ नाही.

आईंच्या ‘चिखला’बद्दल. त्या खोटे बोलत नाहीत. नॉटली यांना धमक्या आल्या; २०१६ मध्ये ब्रुक्स या गावातल्या एका गोल्फ स्पर्धेत त्यांचे छायाचित्र नेम धरण्यासाठी उभे केले होते. त्यांच्याआधी अल्बर्टाच्या पहिल्या महिला प्रीमियर झालेल्या अ‍ॅलिसन रेडफोर्ड याही वकील होत्या, मानवाधिकारांच्या क्षेत्रात परदेशांत काम केलेल्या, न्यायमंत्रीपद सांभाळलेल्या, आणि २०१२ मध्ये ६१ जागा जिंकलेल्या. तरी प्रवासखर्चाच्या वादातून दोन वर्षांच्या आत त्यांना पायउतार व्हावे लागले. कायद्याचे ज्ञान माणसाला यातून वाचवतेच असे नाही. म्हणून पहिल्या दिवसापासून प्रत्येक पावती जपून ठेवा, अशिलांच्या पैशांच्या ट्रस्ट अकाउंटचा हिशेब ठेवता तितक्याच काटेकोरपणे.

पण आईंना एवढेही सांगा की, ज्या जळगावात त्या राहतात तेथील जिल्हा न्यायालयात वकिली करणाऱ्या प्रतिभाताई पाटील १९६२ मध्ये, वयाच्या २७ व्या वर्षी, जळगावमधून आमदार झाल्या, पुढे महाराष्ट्र विधानसभेत विरोधी पक्षनेत्या आणि प्रदेश काँग्रेसच्या अध्यक्ष झाल्या आणि २००७ मध्ये राष्ट्रपती भवनात गेल्या. त्यांच्या राजकारणाशी आपण सहमत असू वा नसू, सनद चिखलात गेली असे जळगावात कोणी म्हणाल्याचे मी ऐकलेले नाही.

हरण्याविषयी तुम्ही विचारले आहे. १६ एप्रिल २०१९ रोजी नॉटली यांचा पक्ष २४ जागांवर आला आणि जेसन केनी यांचा युनायटेड कॉन्झर्व्हेटिव्ह पक्ष ६३ जागांसह सत्तेवर गेला. पराभूत प्रीमियरने राजीनामा देऊन एखाद्या मोठ्या फर्ममध्ये जाणे ही तेथील परिचित वाट. नॉटली विरोधी बाकावर बसून राहिल्या. २९ मे २०२३ च्या निवडणुकीत त्यांनी ३८ जागा आणि ४४ टक्के मते मिळवली, कॅलगरीतल्या २६ पैकी १४ जागाही जिंकल्या, आणि तरीही त्या हरल्या. २०२४ च्या जानेवारीत त्यांनी नेतेपद सोडण्याचे जाहीर केले, जूनमध्ये त्यांच्या जागी नाहीद नेन्शी यांची निवड झाली आणि वर्षाच्या शेवटच्या दिवसांत नॉटली यांनी आमदारकीही सोडली. त्यांनी प्रीमियर झाल्यावर सर्वांत आधी कंपन्यांच्या आणि युनियनांच्या राजकीय देणग्यांवर बंदी आणली होती. ती २०२५ मध्ये उठवली गेली. तासाला १०.२० डॉलरवरून १५ डॉलरवर नेलेले किमान वेतन बहुतेकांसाठी टिकले. काही राहिले, काही गेले. तुमच्या कपाटातल्या जुन्या फाइलींची मोजदाद केली तर तिथेही हाच हिशेब निघेल, आणि त्यातल्या हरलेल्या प्रकरणांमुळे तुमची वकिली पाण्यात गेली असे तुम्ही म्हणत नाही.

तेव्हा प्रत्यक्षात काय करावे? पुढची निवडणूक २०२७ च्या ऑक्टोबरात ठरलेली आहे आणि जागा ८७ वरून वाढणार असल्याने मतदारसंघांच्या सीमा बदलणार आहेत. तुम्हाला ज्या भागातून उभे राहायला सांगत आहेत तो भाग नव्या नकाशात कसा पडतो, हे पाहण्याआधी शब्द देऊ नका. पक्ष तुम्हाला निवडून येण्याजोगी जागा देतो आहे, की यादीत एक स्थलांतरित स्त्री दिसावी म्हणून हमखास हरण्याची, हे स्पष्ट विचारा. दुसरे असले तरी नाही म्हटलेच पाहिजे असे नाही, पण ते ठाऊक असून हो म्हणा. वकिलांना सनद देणाऱ्या लॉ सोसायटीकडे सनद अक्रिय ठेवण्याचे नियम आणि पुन्हा सुरू करण्याची मुदत लेखी मागवून घ्या, म्हणजे परतीचा रस्ता उघडा असल्याचे तुमच्या मनाला पटेल. फर्मच्या भागीदारांना अर्ज भरण्याआधी सांगा, नंतर नव्हे. घरखर्चाचा दोन वर्षांचा हिशेब पतींसह कागदावर मांडा; उमेदवारी मागण्याच्या काळात सदस्यनोंदणीसाठी संध्याकाळ-संध्याकाळ दारोदार फिरावे लागते आणि त्याचे वेतन कोणी देत नाही. मुलगा ११ वर्षांचा आहे, त्याला विचारा. त्याची परवानगी मागू नका, ते ओझे त्याच्यावर नको; आठवड्यातली कोणती संध्याकाळ आईने घरी असलीच पाहिजे, ते त्याला ठरवू द्या आणि ती मोडू नका.

याखेरीज एक काम मी तुम्हाला आग्रहाने सांगते. तुमच्या पत्रात कायद्यातला कोणता शब्द बदलायचा आहे, हे कुठेच आलेले नाही. लोकांचे भले करायचे आहे एवढेच आहे. गेल्या आठ-नऊ वर्षांतल्या तुमच्या फाइली काढा आणि ज्या प्रकरणांत अशील खरा होता, पुरावा होता, तुमची तयारी होती आणि तरी कायद्याच्या शब्दामुळे तुम्ही हरलात, तेवढीच बाजूला ठेवा. त्यांत एकच कलम पुन्हा पुन्हा दिसत असेल, तर तुमच्या उमेदवारीचे कारण तुम्हाला सापडले. मग ते कलम घेऊन आधी त्या मालकांकडे जा, ज्यांना तो बदल खुपणार आहे. गोदामवाला, ट्रकमालक, लहान बांधकाम ठेकेदार, यांतले कितीतरी जण पंजाबी, गुजराती, कदाचित मराठीही असतील. त्यांच्या घरी बसून चहा घ्या आणि त्यांचे आक्षेप त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. फाइलींत असे एकही कलम सापडले नाही, आणि बहुतेक प्रकरणे तुम्ही आहे त्या कायद्यातच जिंकत असाल, तर मात्र मी वर दिलेला सल्ला मागे घेते. मग तुमची जागा भरपाईची अपिले ऐकणाऱ्या आयोगापुढेच आहे आणि तेथे तुम्ही करीत असलेल्या कामाला कोणत्याही पदाची जोड लागत नाही.

तुम्ही मूळ पत्राच्या शेवटी (वरच्या संक्षेपात तो भाग आलेला नाही) ज्या भाजलेल्या हाताच्या वेल्डरचा उल्लेख केला आहे, त्याची सुनावणी कधी आहे ते लिहिलेले नाही. उमेदवारीचा अर्ज त्या सुनावणीनंतर भरा आणि ते अपील दुसऱ्या कोणाकडे सोपवू नका. निकाल काय लागला ते मला कळवा. फाइली चाळून झाल्यावर कोणते कलम हाती आले, तेही कळवा.

तुमची,
सदरलेखिका